दुसरा बार नशिबाला

बीड जिल्ह्यातील बंदुकांविषयी अलीकडे पुष्कळ बोलले गेले. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी निर्घृण हत्या झाली आणि त्यानंतर या जिल्ह्यात शस्त्रपरवान्यांची खिरापत कशी वाटली गेली याची चर्चा महाराष्ट्रभर सुरू झाली. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी जाहीर केलेल्या आकड्यांप्रमाणे बीडमध्ये १,२२२ परवाने होते, तर शेजारच्या परभणीत अवघे ३२. हवेत बार काढून मिरवणाऱ्या वीरांच्या चित्रफिती घरोघर पोचल्या. मग प्रशासन जागे झाले आणि २०२५ च्या आरंभी शंभरावर परवान्यांवर फुली मारली गेली. जे झाले ते योग्यच झाले. उशिरा झाले, एवढीच आमची तक्रार. परंतु या साऱ्या गदारोळात एका माणसाला कोणी काही विचारले नाही. ज्याच्या हातातली बंदूक मिरवण्याची वस्तू नसून विळा-कोयत्यासारखे कामाचे अवजार आहे, तो हा माणूस. त्याच्या बंदुकीचा परवाना ठेवावा की काढावा यावर विद्वानांची मते आली. ती बंदूक चालते की नाही, हे मात्र कोणालाही जाणून घ्यावेसे वाटले नाही.

युसूफ वडगाव हे मस्साजोगच्याच केज तालुक्यातील गाव. सोयाबीन, तूर, ज्वारी आणि पाणी असेल तेथे ऊस, अशी इथली शेती. रानडुकरे आणि हरणे यांनी हा टापू किती पिडला आहे, हे सांगण्यास अहवालांची गरज नाही. भुईमुगाचे किंवा मक्याचे वावर सकाळी जाऊन पाहिले म्हणजे पुरे. डुक्कर खाते थोडे आणि नासते फार. एक कळप एका रात्रीत अर्धा एकर नांगरून टाकतो आणि हरणे कोवळ्या ज्वारीचे शेंडे ओळीने खुडत जातात. शिवाय शेतीपंपाची वीज वर्षानुवर्षे रात्रीच्या पाळीने येत राहिल्यामुळे ज्या वेळी डुक्कर शेतात, त्याच वेळी माणूसही शेतात. या भागातील ज्या थोड्या शेतकऱ्यांजवळ परवान्यावर घेतलेली स्वस्तातली दुनळी आहे, त्यांच्याशी आम्ही बोललो. प्रश्न साधा होता : बंदूक कशी आहे? तो ऐकून प्रथम ते संशयानेच पाहू लागले. आजवर त्यांना परवाना कुठे आहे, काडतुसे किती उरली, बंदूक जमा केली काय, एवढेच विचारले गेलेले. अवजाराविषयी त्याच्या धन्याचे मत कोणी विचारील, ही कल्पनाच त्यांना नवी होती.

बोलण्यात बहुतेकजण तिला ‘रायफल’च म्हणतात. वास्तविक ती रायफल नव्हे. रायफलीच्या नळीत पेचदार खाचा असतात, त्यामुळे गोळी गरगरत दूरवर नेमकी जाते. यांच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत, बारा बोरची, छर्ऱ्याची किंवा जवळच्या अंतरावर एका मोठ्या गोळीची. खरी दुनळी रायफल ही संस्थानिकांची आणि गोऱ्या साहेबांची चीज. ती लंडनच्या नामांकित कारखान्यांतून मापे देऊन शिवलेल्या कोटासारखी घडवून येत असे, आणि तिच्यापुढे वाघ हाकलून आणण्याचे काम ज्यांच्याकडून वेठीने करून घेतले जाई, त्यांचे नातू आज स्वस्तातल्या दुनळीला प्रेमाने रायफल म्हणतात! नावाचा हा लहानसा मोह आम्ही समजू शकतो. पण या एका शब्दात दोन वर्गांच्या दोन बंदुका आहेत, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आता मते ऐका. गाव ज्यांना आबा म्हणते असे एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “पहिला बार डुकराला, दुसरा नशिबाला.” बसलेले सारे हसले, आणि मग एकेकजण गंभीर झाला. दुनळीचा अर्थच मुळी दुसरा बार हा आहे. पहिल्या बाराने जनावर पडले नाही, जखमी होऊन उलटले, तर त्या क्षणी पुन्हा काडतूस भरण्यास अवकाश नसतो. म्हणून दुसरी नळी भरलेली असते. एकनळीपेक्षा जास्त पैसे शेतकरी मोजतो ते या एका क्षणासाठी. आणि नेमक्या त्याच क्षणी चाप ओढला की ‘ठक्’ असा कोरडा आवाज येतो, बार निघत नाही. पिनेचे टोक बोथट झालेले असते किंवा कमान ढिली पडलेली असते. जखमी नर डुकरासमोर रात्री बॅटरीच्या उजेडात उभ्या असलेल्या माणसाला त्या ‘ठक्’ आवाजाचा अर्थ काय, हे गादीवर बसून शस्त्रधोरण लिहिणाऱ्याला कळणे कठीण आहे.

दुसरी तक्रार सांध्याची. दुनळी बिजागरीवर मोडते, काडतुसे घालून मिटवली की नळ्यांची मागची बाजू लोखंडी तोंडाशी घट्ट बसली पाहिजे. स्वस्तातल्या बंदुकीत दोन-तीन हंगामांनंतर त्या जागी फट पडते. एकाने बंदूक दिव्यासमोर धरून आम्हाला ती फट दाखविली. उजेडाची बारीक रेघ आरपार दिसत होती. बार काढताना त्या फटीतून धग मागे येते, असे तो म्हणाला, आणि ज्या निर्विकारपणे म्हणाला त्यानेच आम्ही अस्वस्थ झालो. दोन नळ्या एकमेकींशी जुळलेल्या नसतात, ही तिसरी तक्रार. उजवी नळी जेथे रोखावी तेथे मारते आणि डावी तीस पावलांवर हातभर बाजूला जाते, म्हणून धनी तिच्या खोडीचा हिशेब मनाशी ठेवून नेम धरतो. एक चाप इतका जड की ओढताना बंदूकच हलते, दुसरा इतका हलका की बोट लागले की निघतो. दस्ता कच्च्या लाकडाचा; पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात तडकतो, आणि मग त्यावर तांब्याच्या तारेची वेटोळी येतात. नळीवरचा काळा मुलामा एका पावसाळ्याचा सोबती.

ही माणसे रडतराऊ नव्हेत. बंदुकीचे गुणही त्यांनी तितक्याच निष्ठेने सांगितले. साधी आहे, अडाण्यालाही उघडता येते, आत अडकून बसत नाही, खांद्यावर घेऊन चार बांध ओलांडता येतात, आणि पहिला बार बहुधा दगा देत नाही. नुसत्या आवाजानेही कळप आठ दिवस फिरकत नाही, मग जनावर मरो न मरो. कोणी असेही म्हणाला की वाईट बंदूक म्हणून तिचा राग येत नाही; पोटच्या अर्धवट मुलाकडून कोणी जसे काम करून घ्यावे, तसे तिच्याकडून करून घ्यावे लागते. एकाकडे मात्र आजोबांच्या वेळची जुनी विलायती दुनळी होती, बर्मिंगहॅमच्या ग्रीनरची. कोणा वाड्यातले सामान निघाले तेव्हा ती घरात आली म्हणे. ती मिटवली की तिजोरीचे दार लागल्यासारखा आवाज होतो आणि दोन्ही बार आजही बिनतक्रार निघतात. तिच्याकडे बाकीचे ज्या नजरेने पाहत होते ती नजर हेव्याची नव्हती. असे करता येते, तर मग आमच्यासाठी का केले जात नाही, असे विचारणारी ती नजर होती.

त्या प्रश्नाला उत्तर देणे प्राप्त आहे. कारण नेहमीचे उत्तर तयार असते : “स्वस्त घेतली, तर अशीच निघणार.” हे बाजाराचे तत्त्वज्ञान आमच्या परिचयाचे आहे. स्वस्त बियाणे घेतले तर उगवणार नाही, स्वस्त दवाखान्यात गेलात तर मरणार, आणि दोष तुमच्या दारिद्र्याचा! परंतु बंदुकीच्या बाबतीत हे तत्त्वज्ञान खोटेही आहे. या दुनळीच्या यंत्रणेत गूढ काही नाही. आज जी साधी, घोडे आत लपलेली रचना सर्वत्र वापरली जाते, तिचे पेटंट १८७५ सालचे आहे. दीडशे वर्षांपूर्वीचा हा शोध. लागते ते बरे पोलाद, त्याला नीट दिलेले पाणी, आणि दोन नळ्या जुळवणाऱ्या कारागिराला मिळणारा पुरेसा वेळ. यातले काय आपल्या देशात नाही? मीर कासिमाने अठराव्या शतकात आपली राजधानी बिहारमधील मुंगेर येथे नेली आणि तेथे शस्त्रांचा कारखाना उभारला, तेव्हापासून त्या गावाच्या बोटांत बंदूक घडविण्याची विद्या आहे. मग खोट कुठे आहे?

खोट धोरणात आहे. १९५६ च्या औद्योगिक धोरण ठरावाने शस्त्रनिर्मिती राज्यासाठी राखून ठेवली. समाजवादी म्हणून आम्हाला त्यात गैर काही वाटत नाही. मारणारी वस्तू नफ्याच्या हाती असू नये. परंतु राखून ठेवलेल्या क्षेत्रात शेतकऱ्याची बंदूक करण्याची जबाबदारी राज्याने खऱ्या अर्थाने घेतली काय? सरकारी कारखान्यांनी सैन्यासाठी शस्त्रे केली, ते त्यांचे कामच होते. नागरिकांसाठी जे केले त्यात डोळ्यात भरते ते कानपूरचे रिव्हॉल्व्हर आणि ईशापूरची रायफल. कमरेला लावण्याच्या त्या रिव्हॉल्व्हरसाठी पुढारी, कंत्राटदार आणि बांधकाम व्यावसायिक यांच्या रांगा लागल्या. गरिबाची दुनळी मात्र मुख्यतः जुन्या खासगी कारखान्यांच्या गळ्यात राहिली. वर्षाला किती बंदुका करायच्या याचा कोटा शासनाने ठरवून दिलेला आणि यंत्रसामग्री वाडवडिलांच्या वेळची. ज्याला वाढता येत नाही आणि ज्याला स्पर्धाही नाही, तो मालक पोलादात आणि मजुरीत काटकसर करणार, हे सांगायला अर्थशास्त्री नको. त्यात १९८० च्या दशकात व्यक्तींना परदेशातून बंदूक आणण्याची वाट बंद झाली. तेव्हापासून जुन्या विलायती दुनळीचे मोल सोन्यासारखे चढले आणि शेतकऱ्याला निवड अशी उरलीच नाही. म्हणून युसूफ वडगावच्या माणसाच्या हातातली सैल बिजागरी पाहून आम्ही कारागिराला शिव्या देणार नाही. त्याच्या हातून काम नगावर काढून घेतले जाते. नळ्या जुळविण्यात तो दोन दिवस घालवील तर त्याची चूल कोण पेटविणार?

“पण बंदुकीवर परीक्षेचा शिक्का असतो ना?” असतो. नळीतून नेहमीपेक्षा जबर बार काढून ती फुटत नाही हे पाहिले जाते आणि शिक्का उठतो. तो शिक्का एवढेच सांगतो की ही बंदूक बहुधा धन्याला मारणार नाही. दुसरा बार निघेल, दोन नळ्या एका जागी मारतील, सांधा पाच वर्षे टिकेल, यांपैकी काहीही तो सांगत नाही. पाण्याच्या पंपाला मानक आहे, विजेच्या तारेला आहे, प्रेशर कुकरला आहे. शेतकऱ्याच्या बंदुकीला फक्त न फुटण्याची अट!

आणि बिघडली म्हणजे? १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक दुरुस्त करण्यासही परवाना लागतो. तत्त्व म्हणून ते ठीक आहे. परंतु परिणाम असा की तालुक्याच्या गावातला लेथवाला, जो ट्रॅक्टरचा कोणताही भाग तासून देतो, तो चार रुपयांच्या पिनेला हात लावू शकत नाही. बंदूक घेऊन परवानाधारक विक्रेत्याकडे दूरच्या शहरी जायचे, एसटीत लोकांच्या नजरा झेलायच्या, ठेवून यायचे, पुन्हा आणायला जायचे. तोवर तूर संपते. म्हणून बहुतेक बंदुका बिघडलेल्याच अवस्थेत खुंटीला असतात आणि सरकारच्या दप्तरी त्या ‘शस्त्र’ म्हणून मोजल्या जातात.

कायद्याचे पोट उघडून पाहिले म्हणजे या उपेक्षेचे मूळ सापडते. शस्त्र कायद्याचे कलम १३ वाचा. संरक्षणासाठी किंवा शिकारीच्या खेळासाठी नागरिकाला किमान २० इंच नळीची गुळगुळीत बंदूक द्यावी, असे ते म्हणते. आणि पिकाच्या रक्षणासाठी? त्यासाठी ठासणीची बंदूक! दारू ठासा, छर्रे ठासा, टोपी बसवा, एक बार काढा आणि पुन्हा आरंभापासून सुरू करा. ठासणीची पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच त्याने शेतकऱ्याला दुसरी बंदूक द्यावी. म्हणजे खेळणाऱ्याला विसाव्या शतकातील बंदूक आणि पीक राखणाऱ्याला एकोणिसाव्या शतकातील. हा कायदा स्वतंत्र भारताच्या संसदेने केला आहे, इंग्रजाने नव्हे. इंग्रजाचा १८७८ चा कायदा एतद्देशीयांना निःशस्त्र करणारा आणि युरोपियनांना सूट देणारा होता, म्हणून तो राष्ट्रीय चळवळीच्या डोळ्यांत सलत असे. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नोंदविला, तो याच पार्श्वभूमीवर. स्वराज्य आले, कातडीचा भेद गेला. खेळ आणि श्रम यांतला भेद मात्र कलम १३ मध्ये ऐटीत बसून राहिला.

येथे आमचे काही पुरोगामी मित्र अस्वस्थ होतील. मस्साजोगच्या जिल्ह्यात तुम्ही बंदुकांचे गुणदोष काय चघळत बसलात, सर्वच परवाने काढून घ्या, असे ते म्हणतील. त्यांच्या भावनेचा आम्हाला आदर आहे, पण त्यांचा युक्तिवाद आम्हाला पटत नाही. बीडमधील दहशत ही चार फूट लांबीच्या, तांब्याची तार गुंडाळलेल्या दुनळीने निर्माण केलेली नाही. ती दुनळी शर्टाखाली लपत नाही, ती घेऊन कोणी खंडणी मागायला पवनचक्कीच्या कार्यालयात जात नाही. मस्साजोगच्या प्रकरणातील आरोपपत्र मारहाणीची हत्यारे म्हणून गज आणि पाइप यांचा उल्लेख करते. दहशतीचे शस्त्र होते ते पाठीशी असलेल्या सत्तेचे. बंदूक तिचा दागिना होता, आणि तो दागिना कमरेचा होता, खांद्यावरचा नव्हता. दोघांना एका मापाने मोजणे म्हणजे कोयत्याने खून होतात म्हणून ऊसतोड कामगाराचा कोयता जप्त करण्यासारखे आहे.

मात्र मित्रांच्या आक्षेपातला एक भाग आम्हाला मान्यच केला पाहिजे. गावातली बंदूक निरागस नसते. निजामी अमदानीत ती देशमुखाच्या आणि जहागीरदाराच्या वाड्यात असे. रझाकारांच्या हाती ती आली तेव्हा मराठवाड्याने काय भोगले ते सर्वांना ठाऊक आहे. पुढे जुलै १९७८ मध्ये नामांतराच्या प्रश्नावरून दलित वस्त्या पेटविल्या गेल्या, तेव्हा शस्त्र कोणत्या वस्तीत होते आणि कोणत्या नव्हते, हे विसरता येणार नाही. आजही परवाना मिळविण्यासाठी लागते ती जमीन, ओळख आणि फेऱ्या मारण्याची ऐपत, आणि ती कोणाजवळ असते हे सांगायला नको. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील १९९५ च्या नियमांत तिसरा नियम आहे. अत्याचारप्रवण भागात अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे परवाने तपासून रद्द करण्याची आणि गरज भासल्यास दलित-आदिवासींना परवाने देण्याची तरतूद त्यात आहे. हा नियम कपाटात झोपलेला आहे. जे १,२२२ परवान्यांवर आज बोलतात त्यांनी हा नियम उघडावा, अशी आमची विनंती आहे. आणि फासेपारध्याचे काय? डुक्कर कोठून उतरते, कोठे लोळते, कोणत्या वाटेने परत जाते, हे ज्ञान या मुलखात त्याच्याइतके कोणाजवळही नाही. शेतकरी अडचणीत त्यालाच बोलावतो आणि वाघर लावून घेतो. १८७१ च्या कायद्याने त्याला जन्मजात गुन्हेगार ठरविले, १९५२ साली तो शिक्का कागदावरून पुसला गेला. पण सशाची कातडी सापडली तरी ठाण्यात आजही प्रथम ओढला जातो तो तोच, दुनळीचा धनी नव्हे.

आता बंदूक नको म्हणणाऱ्यांनी दुसरी बाजूही पाहावी. ज्याच्याजवळ बंदूक नाही, किंवा आहे पण चालत नाही, तो काय करतो? तो रात्री कुंपणाच्या तारेत वीज सोडतो. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून या तारांना चिकटून मेलेल्या माणसांच्या बातम्या येत असतात. पाणी द्यायला निघालेला शेजारी, शेळ्यांमागे गेलेले पोर, आणि पुष्कळदा तार लावणारा स्वतःच. नाही तर पिठाच्या गोळ्यात दारू भरून तो गावठी बाँब बांधावर ठेवतो. डुक्कर चावो, कुत्रे चावो की गाय. या मृत्यूंची नोंद ‘अपघात’ म्हणून होते. निकामी दुनळी आणि तारेतली वीज यांच्यातला संबंध कोणत्याही पंचनाम्यात लिहिला जात नाही.

रानडुक्कर मारण्याचा कायदेशीर मार्ग नाही काय? आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम ११ उभ्या पिकाला धोका करणाऱ्या प्राण्यांची शिकार करण्यास परवानगी देण्याची मुभा ठेवते; काळवीट मात्र पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याच्यावर बंदूक रोखण्याचा प्रश्न येत नाही, येऊही नये. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी ही परवानगी देण्याचे काम वनक्षेत्रपालाकडे सोपविले. निर्णय वाचायला सोपा आहे. अर्ज, पाहणी, परवानगी, मग बार, मग पंचनामा, मग मृत जनावराची विल्हेवाट. या साखळीतली सर्वात कच्ची कडी कोणती? शासन गृहीत धरते की शेतकऱ्याजवळ चालणारी बंदूक आहे. ती नसली की काय होते ते बिहारमध्ये २०१६ च्या जूनमध्ये दिसले. मोकामाच्या टापूत दोनशेवर नीलगायी मारण्यासाठी भारी रायफली घेतलेले शिकारी हैदराबादहून आणावे लागले, आणि त्यावरून दिल्लीत दोन केंद्रीय मंत्री एकमेकांशी भांडले. शेत बिहारच्या शेतकऱ्याचे, भांडण मंत्र्यांचे आणि शिकार पाहुण्यांची. उलट केरळने २०२२ मध्ये रानडुक्कर मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना दिला आणि गावातल्याच परवानाधारकांची यादी हाताशी धरली. केरळच्या पद्धतीत दोष असतील. पण निर्णय गावात आणण्याची दिशा बरोबर आहे.

निवडणुकांचा मुद्दा लहान वाटेल, पण युसूफ वडगावात तो सर्वात अधिक तावातावाने मांडला गेला. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान २०१४ मध्ये १५ ऑक्टोबरला झाले, २०१९ मध्ये २१ ऑक्टोबरला आणि २०२४ मध्ये २० नोव्हेंबरला. लागोपाठ तीन वेळा सोयाबीनची रास, उभी तूर आणि उगवती ज्वारी यांच्या ऐन दिवसांत शेतकऱ्याची बंदूक कोठडीत होती. ओलसर भिंतीशी टेकवून ठेवलेली दुनळी परत येते तेव्हा तिच्या नळीत तांबडा गंज असतो. संरक्षणाची गरज दाखवून ज्यांना सवलत मिळते त्यांत पुढारी असतात. ज्वारीच्या संरक्षणासाठी कोणाला सवलत मिळाल्याचे ऐकिवात नाही. पीकसंरक्षणाच्या बंदुकीला निवडणुकीत वेगळा नियम लावणे काय अवघड आहे? गावातच ग्रामपंचायतीच्या कुलपात ठेवावी आणि रात्रीच्या राखणीपुरती नोंद करून द्यावी.

सरकारी कारखान्यांकडे पुन्हा येणे भाग आहे, कारण आमची मुख्य मागणी तेथे आहे. बारा बोरची काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात होतात. त्यांच्याविषयी युसूफ वडगावात फारशी तक्रार ऐकू आली नाही. म्हणजे सार्वजनिक क्षेत्राला चांगली वस्तू करता येत नाही, हे खोटे आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माण मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या करण्यात आल्या. कामगारांनी २०१९ मध्ये संप करून विरोध केला होता. तो पुन्हा होऊ नये म्हणून २०२१ मध्ये संपबंदीचा कायदा आणला गेला. आता या कंपन्यांना नफा दाखवायचा आहे. नफा रिव्हॉल्व्हरमध्ये आणि पिस्तुलात आहे, आणि त्या बाजारात आता खासगी भांडवलही उतरले आहे. शेतकऱ्याच्या दुनळीत नफा नाही, म्हणून तिचा आराखडा कोणाच्या टेबलावर नाही. आमचे म्हणणे असे की साध्या, नक्षी नसलेल्या, मजबूत दुनळीचा एक नमुना या सार्वजनिक कारखान्यांनी ठरवावा, तिच्या दोन्ही नळ्यांची आणि दोन्ही चापांची परीक्षा सक्तीची करावी, मुंगेरच्या कारागिरांची सहकारी संस्था करून तिला चांगले पोलाद आणि रास्त मजुरीवर हेच काम द्यावे, आणि प्रत्येक तालुक्यात वर्षातून दोनदा परवानाधारक कारागिराने बसून जागेवर दुरुस्ती करावी. कलम १३ मधली ठासणीची अट काढून टाकावी. परवाना पिकाच्या नुकसानीच्या नोंदीवर आणि ग्रामसभेच्या शिफारशीवर मिळावा. त्या ग्रामसभेत दलित वस्तीचा आणि पारध्यांच्या पालाचा आवाज नसेल, तर शिफारस रद्द समजावी.

कोणी म्हणेल, बंदुकीपेक्षा सामुदायिक कुंपण बरे, वेळेवर भरपाई बरी, दिवसा वीज बरी. आम्हीही तेच म्हणतो आणि त्यासाठी मोर्चे काढले आहेत. ते सारे मिळाले तर आबा आपली दुनळी खुशाल ठाण्यात नेऊन देतील. रात्री जागण्याची हौस कोणाला आहे? पण ते मिळेपर्यंत ज्याला शेतात उभे राहावेच लागते, त्याच्या हातात धड अवजार असावे, ही मागणी चैनीची नव्हे.

केज, धारूर आणि अंबाजोगाई तालुक्यांतील कार्यकर्त्यांना एक काम सांगून हे लिखाण थांबवितो. ज्यांच्याजवळ पीकराखणीसाठी दुनळी आहे अशा प्रत्येक शेतकऱ्याकडे जाऊन पाच गोष्टी लिहून घ्याव्यात : बंदूक किती वर्षांची आहे, दुसरा बार दहातून किती वेळा निघतो, सांध्यात फट आहे काय, शेवटची दुरुस्ती कोठे आणि किती दिवसांत झाली, निवडणुकीत किती दिवस जमा होती आणि परत येताना कशा अवस्थेत होती. नावे लिहू नयेत, बंदुकीचा क्रमांक लिहू नये. परवाना जाण्याच्या भीतीने माणसे बोलणार नाहीत. कागद खरिपाच्या पेरणीपूर्वी ग्रामसभांत वाचले जावेत आणि तेथून ठरावासह जिल्हाधिकाऱ्यांकडे जावेत. युसूफ वडगावची पाने आमच्याजवळ तयार आहेत. आबांच्या पानावर दुसऱ्या प्रश्नासमोर आकडा नाही. तेवढ्यासाठी दहा काडतुसे कोण जाळील, असे ते म्हणाले.